फळमाशी आणि पेशीविभाजन : केळ्यावरच्या चिलटांनी काय शिकवले?

दिवाळीच्या आगेमागे छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) दौलताबादकडची सीताफळे येऊ लागतात. टोपलीतले एखादे फळ जास्त पिकले, की दुसऱ्याच दिवशी त्याच्याभोवती बारीक चिलटे घिरट्या घालू लागतात. लाल डोळ्यांची, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीची ही माशी म्हणजे फळमाशी. तिचे शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. घरात ती कोणालाच नको असते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र गेली शंभराहून अधिक वर्षे ती मुद्दाम पाळली जाते.

जनुके गुणसूत्रांवर असतात याचा पक्का पुरावा याच माशीने दिला. एका पेशीच्या दोन पेशी होताना कोणती जनुके काम करतात, त्यांतले एखादे बिघडले तर काय होते, हेही मोठ्या प्रमाणावर तिच्यामुळे समजले. कर्करोग म्हणजे मुळात पेशीविभाजनावरचा ताबा सुटणे. त्यामुळे कुजक्या फळावरची माशी आणि कर्करोग रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग यांच्यातले अंतर वाटते तेवढे मोठे नाही. हे अंतर कसे कापले गेले आणि त्यात महाराष्ट्रातील प्रयोगशाळांचा वाटा काय, याची ही माहिती.

ही कोणती फळमाशी?

मराठीत ‘फळमाशी’ हा शब्द दोन वेगळ्या कीटकांसाठी वापरला जातो, म्हणून आधी हा गोंधळ दूर करायला हवा. आंबा, पेरू आणि वेलवर्गीय भाज्यांचे नुकसान करणारी, शेतकऱ्याच्या ओळखीची फळमाशी ही बॅक्ट्रोसेरा गटातली. ती आकाराने मोठी असते, चांगल्या फळाची साल टोचून आत अंडी घालते आणि अळ्या फळ आतून पोखरतात. तिच्या नरांना पकडण्यासाठी बागेत गंधाचे सापळे टांगतात.

ड्रॉसोफिला ही तिची दूरची नातलग. तिला ताज्या फळापेक्षा आंबू लागलेले फळ आवडते. फळ आंबवणारे यीस्ट हे तिचे खरे अन्न. ‘ड्रॉसोफिला’चा अर्थ ‘दव आवडणारी’ आणि ‘मेलॅनोगॅस्टर’चा ‘काळ्या पोटाची’. नराच्या पोटाचे टोक काळे असते, त्यावरून साध्या भिंगातूनही नर-मादी ओळखता येतात. या लेखात पुढे फळमाशी म्हणजे ड्रॉसोफिलाच.

संशोधकांनी माशीच का निवडली?

पहिले कारण वेग. २५ अंश सेल्सिअस तापमानाला अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला सुमारे दहा दिवस लागतात. माणसाच्या एका पिढीच्या काळात माश्यांच्या शेकडो पिढ्या पाहता येतात. दुसरे कारण संख्या. एक मादी आयुष्यात काहीशे अंडी घालते, त्यामुळे हजारांत एखादाच दिसणारा बदलही सापडतो. तिसरे कारण खर्च. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि घट्टपणासाठी अगर यांची खळ काचेच्या नळीत ओतली, तोंडाला कापसाचा बोळा लावला, की माश्यांचे घर तयार.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे. फळमाशीत गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या असतात, माणसात तेवीस. मोजायला आणि ओळखायला आठ गुणसूत्रे सोपी पडतात. २००० साली फळमाशीच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. तिच्यात प्रथिने बनवणारी सुमारे १४ हजार जनुके आहेत. माणसात ती सुमारे २० हजार. माणसाच्या आजारांशी संबंध असलेल्या जनुकांपैकी जवळपास तीन चतुर्थांश जनुकांची भावंडे माशीत सापडतात. माशी आणि माणूस यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, पण पेशी चालवण्याची जुनी यंत्रणा दोघांनी जपली.

एका पेशीच्या दोन होतात तेव्हा

माणसाच्या शरीरात रोज अब्जावधी जुन्या पेशी मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. त्वचा, रक्त, आतड्याचे अस्तर हे सारे सतत नवे होत असते. यासाठी पेशीला दोन कामे बिनचूक करावी लागतात. आधी आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करायची आणि मग दोन्ही प्रती दोन नव्या पेशींत बरोबर वाटायच्या.

या वाटपाला सूत्री विभाजन म्हणतात. दहावीच्या पुस्तकातल्या त्याच्या चार अवस्था अनेकांना आठवत असतील: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था. पूर्वावस्थेत गुणसूत्रे आखूड आणि जाड होतात. पेशीच्या दोन टोकांना असलेल्या तारककेंद्रांपासून बारीक तंतू निघतात. सगळे मिळून मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता असा आकार तयार होतो. सूत कातायच्या चातीसारखा तो दिसतो, म्हणून त्याला तर्कू आणि तंतूंना तर्कुतंतू म्हणतात. मध्यावस्थेत गुणसूत्रे पेशीच्या मधोमध रांगेत येतात. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रतींना दोन विरुद्ध टोकांकडचे तंतू पकडतात. पश्चावस्थेत प्रती सुट्या होऊन दोन टोकांकडे ओढल्या जातात. शेवटी मधला भाग आवळला जातो आणि दोन पेशी वेगळ्या होतात.

यात अनेक ठिकाणी चूक होऊ शकते. नक्कल अपुरी असतानाच विभाजन सुरू झाले तर? तर्कूला दोनऐवजी एकच टोक राहिले तर? एखादी प्रत भलत्याच बाजूला गेली तर? पेशीजवळ या प्रत्येक टप्प्यावर तपासणीची व्यवस्था असते. ती कोणती प्रथिने सांभाळतात, हे शोधायचे तर ती बिघडलेली उदाहरणे हवीत. फळमाशीने अशी उदाहरणे भरपूर पुरवली.

पांढऱ्या डोळ्यांची माशी आणि ब्रिजेसचा पुरावा

१९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्याचा लाल डोळ्यांच्या मादीशी संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळ्यांचे डोळे लाल निघाले. दुसऱ्या पिढीत पांढरे डोळे परत आले, पण फक्त नरांत. डोळ्यांच्या रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे असे मानले, तरच हे कोडे सुटत होते. मॉर्गन यांना या कामासाठी १९३३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये एका गुणसूत्रावर जनुके कोणत्या क्रमाने आहेत, याचा पहिला नकाशा काढला.

पेशीविभाजनाच्या दृष्टीने मॉर्गन यांचे दुसरे विद्यार्थी कॅल्व्हिन ब्रिजेस यांचे काम अधिक मोलाचे ठरले. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर यांच्या संततीत मुली लाल डोळ्यांच्या आणि मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे व्हायला हवेत. ब्रिजेस यांना क्वचित एखादी मुलगी पांढऱ्या डोळ्यांची आढळली. त्यांनी तर्क केला, की आईच्या अंडपेशी तयार होताना दोन एक्स गुणसूत्रे वेगळी व्हायला हवी होती, ती झाली नाहीत. दोन्ही एकाच अंड्यात गेली, म्हणून या मुलीला दोन्ही एक्स आईकडून आणि वाय बापाकडून मिळाला असणार. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्या माश्यांत खरोखरच दोन एक्स आणि एक वाय होते. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुराव्यानंतर जनुके गुणसूत्रांवर असतात याविषयी फारशी शंका उरली नाही.

हे केवळ माशीपुरते नव्हते. १९५९ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत २१ व्या क्रमांकाचे एक गुणसूत्र जास्त असते, हे फ्रान्समध्ये दिसून आले. बहुतेक वेळा त्याचे कारण ब्रिजेस यांनी माशीत पाहिले तेच असते. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी सुटत नाही. आईचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते, म्हणून गरोदरपणात त्यासाठी चाचण्या सुचवल्या जातात. त्यात कोणाचा दोष नसतो. विभाजनातली ती चूक असते.

भिंतीविना तेरा विभाजने

पेशीविभाजन पाहण्यासाठी फळमाशीचे अंडे ही जणू आयती सोय आहे. फलन झाल्यावर त्यातले केंद्रक एकामागून एक तेरा वेळा विभागते, पण मध्ये पेशीभिंती तयारच होत नाहीत. सुरुवातीची विभाजने आठ-दहा मिनिटांत एक या वेगाने उरकतात. सगळी केंद्रके एकाच वेळी, एका तालात विभागतात. तासाभरानंतर ती अंड्याच्या पृष्ठभागाकडे सरकतात. सुमारे अडीच-तीन तासांत पृष्ठभागाखाली जवळपास सहा हजार केंद्रके जमतात आणि मग एकदमच प्रत्येकाभोवती पटल येऊन स्वतंत्र पेशी होतात.

इतका वेग शक्य होतो तो आईमुळे. विभाजनाला लागणारी प्रथिने आणि त्यांचे संदेश मादीने अंड्यात आधीच भरून ठेवलेले असतात. चौदाव्या फेरीला मात्र ही शिदोरी संपते आणि भ्रूणाला स्वतःच्या जनुकांवर चालावे लागते. नेमके याच ठिकाणी एक मोठा शोध लागला.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील हायडेलबर्ग येथे क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी फळमाशीत हजारो उत्परिवर्तने घडवून ज्यांचे भ्रूण नीट वाढत नाहीत ती वेगळी काढली. या कामाला १९९५ चे नोबेल मिळाले. अशा शोधमोहिमांतून सापडलेल्या एका जनुकाचे नाव ‘स्ट्रिंग’. ते बिघडलेले असले, की भ्रूणाची पहिली तेरा विभाजने व्यवस्थित होतात. चौदाव्या फेरीत डीएनएची नक्कलही पुरी होते, पण पुढचे विभाजन सुरूच होत नाही. सगळ्या पेशी उंबरठ्यावर थांबून राहतात. १९८९ मध्ये ब्रूस एडगर आणि पॅट्रिक ओफॅरेल यांनी दाखवले, की स्ट्रिंग म्हणजे यीस्टमध्ये आधीच माहीत असलेल्या सीडीसी २५ या जनुकाचे माशीतले रूप आहे. पेशीविभाजनाच्या मुख्य यंत्राला लावलेले कुलूप हे प्रथिन काढते. माणसात याच जनुकाची तीन भावंडे आहेत.

ते मुख्य यंत्र म्हणजे सायक्लिनवर अवलंबून असणारी कायनेज ही विकरे. ती शोधल्याबद्दल लेलंड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चे नोबेल मिळाले. त्यांचे काम यीस्ट आणि समुद्री जीवांवर झाले होते. तीच यंत्रणा अनेक पेशींच्या प्राण्यात कोणत्या वेळी, कोणत्या अवयवात चालू-बंद होते, हे माशीने दाखवले.

बिघडलेल्या माश्या आणि ध्रुवांची नावे

फळमाशीच्या जनुकांना ती बिघडल्यावर काय दिसते त्यावरून नावे देण्याची पद्धत आहे. १९८८ मध्ये क्लाउडिओ सुंकेल आणि डेव्हिड ग्लोव्हर यांनी ‘पोलो’ या जनुकाचे वर्णन केले. घोड्यावरच्या खेळाशी या नावाचा संबंध नाही. या माश्यांत तर्कूची टोके, म्हणजे ध्रुव, विस्कटलेली असतात. १९९५ मध्ये ग्लोव्हर आणि सहकाऱ्यांनी ‘अरोरा’चे वर्णन केले. ते जनुक बिघडले, की तारककेंद्रे एकमेकांपासून दूर जात नाहीत आणि तर्कू एकाच ध्रुवाचा होतो. त्यामुळे ध्रुवीय प्रकाशाचे नाव त्याला दिले गेले.

दोन्ही जनुके कायनेज विकरे बनवतात आणि दोन्हींची भावंडे माणसात आहेत. अनेक प्रकारच्या कर्करोगांत त्यांचे प्रमाण वाढलेले आढळते. जास्त अरोरा असलेल्या पेशींत तारककेंद्रे जास्त होतात, तर्कूची टोके वाढतात आणि गुणसूत्रांची वाटणी विस्कटते. विभाजनातल्या गडबडीचा कर्करोगाशी संबंध असावा, असा विचार जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्येच मांडला होता. ती गडबड कोणत्या प्रथिनांमुळे होते, हे कळायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षे लागली.

आणखी एक उदाहरण कर्करोगापलीकडचे आहे. ‘अ‍ॅब्नॉर्मल स्पिंडल’ म्हणजे ‘विकृत तर्कू’ या जनुकाचे वर्णन १९८० च्या दशकात माशीत झाले. २००२ मध्ये त्याचेच मानवी भावंड, एएसपीएम, बिघडल्यामुळे काही मुलांचा मेंदू जन्मतःच फार लहान राहतो, असे दिसून आले. गर्भात मेंदूच्या मूळ पेशींना पुरेशी विभाजने करता येत नाहीत. हा दोष आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच प्रकट होतो. जवळच्या नात्यात लग्ने होतात तिथे दोघांकडेही तीच प्रत असण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्राच्या अनेक भागांत आजही आहे. अशा कुटुंबात असे एक मूल जन्मले असेल, तर पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला घेणे उपयोगी ठरते. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारांत एक इतका असतो.

महाराष्ट्रातील माश्या

महाराष्ट्रात फळमाशीच्या संशोधनाची परंपरा जुनी आहे. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तेथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे त्यांनी माशीच्या चेतासंस्थेकडे लक्ष वळवले. मूळ गोव्याच्या कुटुंबातील, केनियात वाढलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी त्यांच्यासोबत माशीला चव आणि वास कसे कळतात, यावर मूलभूत काम केले. हे काम पेशीविभाजनाचे नव्हते, पण माश्यांचे वाण सांभाळणारी आणि उत्परिवर्तने हाताळणारी पिढी त्यातून घडली.

पुण्यात २००६ मध्ये भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, म्हणजे आयसर, सुरू झाली. तेथे एल. एस. शशिधर यांनी माशीच्या पंखाच्या दुसऱ्या जोडीऐवजी तोल सांभाळणारे छोटे अवयव कसे तयार होतात, याचा अभ्यास केला. यात मूळ प्रश्न विभाजनाशीही जोडलेला आहे, कारण अवयवाचा आकार म्हणजे पेशी किती वेळा विभागल्या आणि कधी थांबल्या याचा हिशेब. याच संस्थेत रिचा रिखी यांची प्रयोगशाळा वर सांगितलेल्या भिंतीविना विभाजनांच्या भ्रूणावर काम करते. इतकी केंद्रके शेजारी शेजारी विभागत असताना त्यांचे तर्कू एकमेकांत कसे अडकत नाहीत? प्रत्येक केंद्रकाभोवती पृष्ठभागावरचे पटल तात्पुरते आत वळते आणि विभाजन संपल्यावर मागे जाते. हे कुंपण कसे घातले आणि काढले जाते, हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय आहे.

नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था, अ‍ॅक्ट्रेक, आहे. तेथे सोराब दलाल यांच्या गटाने मानवी पेशींतील १४-३-३ नावाच्या प्रथिनांवर काम केले. डीएनएला इजा झाली असेल तर ही प्रथिने सीडीसी २५ ला धरून ठेवतात, म्हणजे विभाजनाचे कुलूप उघडत नाही आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. माशीतल्या स्ट्रिंगची कहाणी इथे मानवी कर्करोगाच्या संशोधनाला येऊन मिळते.

रुग्णालयापर्यंत काय पोहोचले?

छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे आणि मराठवाड्यासह शेजारच्या जिल्ह्यांतील रुग्ण तेथे येतात. कर्करोगाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या केमोथेरपीतील काही जुनी औषधे थेट तर्कूवर काम करतात. व्हिन्क्रिस्टिन हे औषध अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते. ते तर्कुतंतू तयार होऊ देत नाही. पॅक्लिटॅक्सेल उलट करते. तयार झालेले तंतू ते सुटूच देत नाही. दोन्हींचा परिणाम एकच, विभाजन मध्येच अडकते आणि पेशी मरते. (सदाफुलीची पाने घरी उकळून पिणे हा मात्र उपचार नाही. मात्रेचा अंदाज नसल्याने ते घातक ठरू शकते.)

या औषधांना कर्करोगाची पेशी आणि निरोगी पेशी यांतला फरक कळत नाही. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत पेशी सतत विभागत असतात. त्यामुळे केस गळतात, तोंड येते, पांढऱ्या पेशी कमी होतात. मज्जातंतूंच्या आतली वाहतूक त्याच प्रकारच्या तंतूंवरून होते, म्हणून हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. दुष्परिणामांची ही यादी पेशीविभाजनाच्या अभ्यासातूनच समजते.

पोलो आणि अरोरा ही प्रथिने मुख्यतः विभाजनाच्या वेळीच काम करतात. त्यांनाच अडवले तर मज्जातंतू वाचतील, अशी आशा होती. अशी औषधे तयार झाली आणि रुग्णांवर चाचण्याही झाल्या. पोलोला रोखणारे व्होलासर्टिब आणि अरोराला रोखणारे अ‍ॅलिसर्टिब ही दोन्ही शेवटच्या टप्प्यातील मोठ्या चाचण्यांपर्यंत पोहोचली, पण तेथे अपेक्षित यश मिळाले नाही. एक अडचण अशी, की माणसाच्या गाठीत कोणत्याही क्षणी थोड्याच पेशी प्रत्यक्ष विभागत असतात, तर अस्थिमज्जेत विभाजन जोरात चालू असते. फटका आधी अस्थिमज्जेला बसतो.

विभाजन सुरू होण्याआधीच्या टप्प्यावर नेम धरणारी औषधे अधिक यशस्वी ठरली. पेशीने विभागायचे की थांबायचे, हा निर्णय सीडीके ४ आणि सीडीके ६ ही दोन विकरे घेतात. माशीत या दोघांचे काम एकच जनुक करते. त्यांना रोखणारे पॅल्बोसिक्लिब हे औषध २०१५ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारासाठी मंजूर झाले. भारतात ते सुरुवातीला बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होते. जानेवारी २०२३ मध्ये त्याचे येथील पेटंट संपले, भारतीय कंपन्यांची जेनेरिक औषधे बाजारात आली आणि किंमत बरीच उतरली. हे औषध हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या, दुसऱ्या अवयवांत पसरलेल्या कर्करोगात प्रामुख्याने वापरतात. ते सर्वांसाठी नाही, आणि ते कोणाला द्यायचे हे गाठीच्या तपासणीवरून डॉक्टरच ठरवतात.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणि घरी

जीवशास्त्र शिकणारे विद्यार्थी पेशीविभाजन पहिल्यांदा पाहतात ते बहुधा कांद्याच्या मुळांच्या टोकात. फळमाशी त्यापुढची पायरी आहे. तिच्या पूर्ण वाढलेल्या अळीच्या लाळग्रंथी काढून रंगवल्या, की सूक्ष्मदर्शकाखाली पट्टेदार, दोरखंडासारखी जाड गुणसूत्रे दिसतात. या पेशींत डीएनएची नक्कल होत राहते, पण विभाजन होत नाही. सुमारे हजार प्रती एकमेकींना चिकटून राहतात, म्हणून गुणसूत्र इतके मोठे दिसते. १९३३ मध्ये थिओफिलस पेंटर यांनी ही गुणसूत्रे नकाशासाठी वापरली. विभाजनाविना नक्कल म्हणजे काय, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणे थोडीच आहेत. अळीच्या मेंदूत मात्र नेहमीचे विभाजन चालू असते. एकाच अळीत दोन्ही पाहता येतात.

मराठवाड्यात माश्या पाळताना मुख्य अडचण उन्हाळ्याची. तापमान ३० अंशांच्या आसपास गेले, की नर वांझ होऊ लागतात आणि वाण संपतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, त्यामुळे थंड राखलेले कपाट लागतेच. वीज गेली, तर काही दिवसांत कित्येक पिढ्यांची मेहनत वाया जाऊ शकते.

घरी माशीचे जीवनचक्र पाहायचे असेल, तर पावसाळा संपल्यावरचे दिवस चांगले. काचेच्या बरणीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा ठेवून ती एक-दोन दिवस उघडी, सावलीत ठेवावी. माश्या आत आल्या की तोंडाला पातळ कापड बांधावे. चार-पाच दिवसांनी मोठ्या माश्या सोडून द्याव्यात. तोवर केळ्यात पांढऱ्या अळ्या दिसू लागतात, मग बरणीच्या काचेवर तपकिरी कोष चिकटतात आणि दहा-बारा दिवसांनी नव्या माश्या बाहेर येतात. थंडीत याला जास्त वेळ लागतो.

माशीवरून सगळे कळते का?

नाही. माशीला माणसासारखे रक्ताभिसरण नाही, अस्थिमज्जा नाही, आणि तिचे आयुष्य दोन-तीन महिन्यांचे. माशीत उपयोगी ठरलेले औषध माणसात चालेलच असे नाही. पोलो आणि अरोराचा अनुभव तेच सांगतो. माशी उपचार देत नाही, ती कोणत्या जनुकाचे काम काय आहे ते सांगते. उपचाराचा शोध तिथून सुरू होतो, आणि बहुतेक वेळा तो दशके चालतो.

मॉर्गन यांच्या पांढऱ्या डोळ्यांच्या नरापासून पॅल्बोसिक्लिबच्या गोळीपर्यंत एक शतकाहून थोडा जास्त काळ गेला. त्या वाटेवरच्या बहुतेक संशोधकांना कर्करोगाचे औषध शोधायचे नव्हते. माशीचे डोळे पांढरे का झाले, अंड्यातले विभाजन चौदाव्या फेरीलाच का थांबले, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.